सात सीटा, साडेचार पट्टे: इंदूरमधल्या एका जुन्या स्कॉर्पिओचं प्रकरण

इंदूरच्या सुदामा नगरातलं सहा जणांचं कुटुंब. नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि मुलांचे आजी-आजोबा. दारात २०११ ची वॅगन आर. रोजचं धावणं शाळा, ऑफिस आणि राजवाड्याकडची खरेदी मिळून बारा-पंधरा किलोमीटर. वर्षातून दोनदा पुणे, एकदा दिवाळीत आणि एकदा मे महिन्यात. मधूनमधून उज्जैन, ओंकारेश्वर, नाहीतर जाम गेटच्या घाटाने महेश्वर. पुण्याला निघताना सहावा माणूस बसने जातो आणि तो दर वेळी आजोबाच असतात. यंदा आजोबा त्र्याहत्तर वर्षांचे झाले, तेव्हा घरात ठरलं की सात सीटांची जुनी एसयूव्ही घ्यायची. बजेट पाच लाख, दुरुस्ती आणि विमा धरून.

नोव्हेंबर २०२५ मध्ये विजय नगर भागातली एक गाडी नजरेत भरली. महिंद्रा स्कॉर्पिओ व्हीएलएक्स, २.२ लिटरचं एमहॉक डिझेल इंजिन, एमपी ०९ नंबर, ऑगस्ट २०१३ ची नोंदणी, दुसरा मालक, मीटरवर १,६४,००० किलोमीटर, मागणी ४,२५,०००. विकणारे गृहस्थ स्वतः मालक, मध्ये दलाल नाही.

मीटरचा आकडा पाहून बरेच जण मागे फिरतात. इथे तो उलट भरवशाचा निघाला. सर्व्हिसच्या पावत्यांवर २०१९ मध्ये ९८,०००, २०२२ मध्ये १,३१,००० अशी चढती नोंद होती, आणि क्लचच्या पॅडलचं रबर, स्टिअरिंगचा गुळगुळीत झालेला भाग, ड्रायव्हरच्या सीटची दबलेली कड हे सगळं त्या आकड्याला साजेसं होतं. बारा वर्षांची डिझेल एसयूव्ही ६५,००० किलोमीटर दाखवत असेल तर जास्त काळजी करावी.

या गाडीआधी दोन स्वस्त गाड्या यादीतून काढल्या होत्या. पहिली २०१५ ची, दिल्लीच्या नंबरची. राष्ट्रीय हरित लवादाचा (एनजीटी) २०१५ चा आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर केलेलं शिक्कामोर्तब, यामुळे राजधानी परिसरात डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा आली. तेव्हापासून तिथल्या गाड्या ना हरकत पत्र (एनओसी) घेऊन मध्य प्रदेशात येतात. गाडी चांगली असू शकते, पण इथे नवा नंबर घेताना कर पुन्हा भरावा लागतो आणि तिकडचा कर परत मिळवायला स्वतंत्र धावपळ करावी लागते. जाहिरातीतल्या किमतीत यातलं काही धरलेलं नसतं. दुसरी गाडी वडोदऱ्याची होती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा शहरातल्या असंख्य गाड्या पाण्यात गेल्या होत्या. गुजरात नंबरची गाडी त्यानंतर विकायला निघाली असेल तर कार्पेट उचलून खालचा फोम हाताने दाबून पाहावा, सीटच्या रुळांवर आणि त्यांच्या बोल्टवर गंज आहे का बघावं, फ्यूज बॉक्सच्या तळाशी बारीक गाळ आहे का तपासावं. त्या गाडीत सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर मातकट रेघ दिसली. तिथेच विषय संपला.

कागद

स्कॉर्पिओची आरसी, विमा, पीयूसी आणि चलनं पोर्टलवर तपासली. चलन एकच, तेही भरलेलं. पण आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसत होता. कर्ज चार वर्षांपूर्वी फिटलं होतं, फक्त नोंद काढायची राहून गेली होती. असं फार जणांचं होतं. बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ दिल्याशिवाय बोजा निघत नाही, आणि बोजा असताना नाव बदलत नाही. म्हणून अट अशी घातली की बँकेचं पत्र मालकांनी आणायचं आणि पूर्ण पैसे ते पत्र हातात आल्यावरच द्यायचे. नाव बदलायला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० लागतो, काम नायता मुंडला इथल्या आरटीओत होतं. कायद्याप्रमाणे त्याच राज्यातला विक्रेता चौदा दिवसांत आणि घेणारा तीस दिवसांत कळवायला बांधील आहे. विकणाऱ्यानेही यात आळस करू नये. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी कागदावर ज्याचं नाव आहे त्याच्याकडेच जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

विम्याच्या जुन्या पॉलिसीतून एक गोष्ट हमखास कळते. दोन वर्षांपूर्वीच्या पॉलिसीत नो क्लेम बोनस ३५ टक्के होता, गेल्या वर्षीच्या पॉलिसीत शून्य. म्हणजे मधल्या काळात क्लेम झाला. विचारल्यावर मालकांनी लगेच सांगितलं की डावा मागचा दरवाजा ट्रॉलीला घासला होता. रंगाच्या जाडीच्या मीटरने बाकीच्या पत्र्यावर ११० ते १३० मायक्रॉन दाखवले आणि त्या दरवाज्यावर ४२०, म्हणजे तेवढाच पुन्हा रंगवलेला. सांगणं आणि मोजणं जुळलं. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग पान्याने उकललेला नव्हता, चासीच्या पुढच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचा डाग नव्हता, चासी नंबर आरसीशी अक्षरशः जुळत होता. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, म्हणून वॅगन आर विकली असती तर तिच्यावरचा बोनस नव्या गाडीच्या विम्याला लावता आला असता.

एक तारीख मात्र टोचत होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे ऑगस्ट २०२८ पर्यंत. हातात पावणेतीन वर्षं. पुढे तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं आणि एप्रिल २०२२ पासून कारला त्याची फी ५,००० रुपये आहे. फी मोठी नाही. पण २०२८ मध्ये ही गाडी विकायला काढली तर समोरचा माणूस तीच तारीख दाखवून भाव पाडणार.

बॉनेटखाली

रविवारी सकाळी सातला उस्तादांना, म्हणजे मेकॅनिकला, घेऊन गाडी पाहायला गेले. आदल्या रात्री निरोप दिला होता की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावला, थंड होतं. डिझेल इंजिनाची खरी तब्येत थंड असतानाच्या पहिल्या स्टार्टलाच कळते. गरम इंजिन बरेच दोष झाकतं.

दुसऱ्या सेकंदाला इंजिन लागलं. एमहॉकला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बदलायचा मोठा खर्च नाही. पण चेन आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर झिजले की थंड स्टार्टला पुढच्या बाजूने खडखड येते. इथे सेकंदभर आली आणि तेलाचा दाब बनताच गेली. धूर पहिल्या झटक्याला करडा, मग काही नाही. निळा धूर असता तर तेल जळतंय, पांढरा आणि न थांबणारा असता तर डिझेल अर्धवट जळतंय किंवा कूलंट आत जातंय असं समजायचं. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग नव्हता, बुडबुडे नव्हते. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेवलं. ते थोडं थरथरलं, उडालं नाही. आतला दाब बेताचा होता.

यानंतर उस्तादांनी इंजेक्टरचं रिटर्न, म्हणजे सिलिंडरमध्ये न जाता परत येणारं डिझेल, तपासलं. जुन्या कॉमन रेल डिझेलमध्ये ही तपासणी झालीच पाहिजे. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला पारदर्शक नळ्या लावून चार छोट्या बाटल्यांत सोडल्या आणि गाडी काही मिनिटं आयडलला ठेवली. तीन बाटल्यांत पातळी जवळजवळ सारखी, तिसऱ्या सिलिंडरच्या बाटलीत दुपटीहून जास्त. म्हणजे तो इंजेक्टर आतून गळतोय. आज गाडी चालते, पण पुढे सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागेल, मग ॲव्हरेज पडेल. दुरुस्त केलेला इंजेक्टर बसवून १३,००० धरले. स्कॅनरवर चालू एरर कोड नव्हता, म्हणजे नुसत्या स्कॅनरवर विसंबलं असतं तर हा दोष सुटलाच असता.

बारा किलोमीटर रोज चालणाऱ्याने डिझेल घ्यावं का, हा प्रश्न इथे येतोच. एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस ६ या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्यांत काजळीचा फिल्टर असतो आणि तो स्वच्छ व्हायला लांबची सलग धाव लागते. शाळा-बाजाराच्या फेऱ्यांत तो तुंबतो. २०१३ च्या या गाडीत तो फिल्टरच नाही. तिच्यात काजळी ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारी झडप) आणि हवा आत घेणाऱ्या इनटेकमध्ये साचते, ती काढून धुता येते. जुनेपणाचा हा एक फायदा धरायला हरकत नाही. वर्षाला ९,००० किलोमीटर आणि लिटरला ११ धरले तर ८१८ लिटर, ९२ रुपयांनी साधारण पंचाहत्तर हजारांचं डिझेल.

फूटी कोठीवरून रिंग रोड आणि तिथून राऊपर्यंत गाडी चालवून पाहिली. क्लच फार वर उचलत होता. सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून, चौथा गिअर टाकून हळूच क्लच सोडला. चांगला क्लच इंजिन तिथल्या तिथे बंद पाडतो. इथे इंजिन दोन-तीन सेकंद घुरघुरत राहिलं आणि मग पडलं. म्हणजे क्लच प्लेट संपत आली. रस्त्याच्या खराब भागावर पुढून टकटक, लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट गेलेले, पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ. साठच्या वेगाला ब्रेक दाबला तर गाडी सरळ थांबली, एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) थरथर पायाला जाणवली. मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये ढिलाई नव्हती. टायरवरचे चार आकडे २६१८, म्हणजे २०१८ सालचा सव्विसावा आठवडा. नक्षी अर्धी शिल्लक होती, पण सात वर्षांचं रबर कडक होतं आणि पावसात पकड सोडतं. चारही बदलायचेच.

ब्रेक ऑइल तपासणारी पेनासारखी काडी तांबडी झाली, ओलावा जास्त. याकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारचं कोरं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषलेलं १५५ च्या आसपास उकळू शकतं. सेंधव्यापुढचा बिजासन घाट भरल्या गाडीने सतत ब्रेक दाबत उतरताना डिस्क तापते, तेलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल स्पंजासारखं खाली जातं. गणपती घाटातले ट्रकांचे अपघात इंदूरकरांना सांगायला नकोत. जुनी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात ब्रेक ऑइल बदलावं, आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा.

उस्तादांचं मत पडलं, "इंजिनाला शंभरात ऐंशी. बाकीचं काम दहा दिवसांचं. घ्या."

हिशेब असा मांडला. चार टायर ३४,०००. क्लच सेट मजुरीसह १७,०००. बुश, बॉल जॉइंट आणि पुढचे शॉकअप २२,०००. इंजिन, गिअर, डिफरन्शियलचं तेल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि सगळे फिल्टर १४,०००. बॅटरी ७,०००. इंजेक्टर १३,०००. विमा १६,०००, त्यातला थर्ड पार्टीचा वाटा १,५०० सीसीवरच्या कारला २०२२ च्या दराने ७,८९७ आणि वर जीएसटी. नाव बदलणं आणि बोजा काढणं ५,०००. बेरीज १,२८,०००. गाडी ३,९०,००० ला मिळाली तरी रस्त्यावर यायला ५,१८,००० पडणार होते. ११,००० रुपये बयाणा देऊन भावाची बोलणी सुरू ठेवली.

मागच्या सीटवर आजी

गाडीत सगळ्यांना बसवून पाहायचं राहिलंच होतं. आमच्या मते या प्रकरणात क्रम इथे चुकला. दोन दिवस आणि बयाणा खर्च झाल्यावर जी गोष्ट पाहिली, ती पहिल्या दहा मिनिटांत पाहायला हवी होती.

बुधवारी संध्याकाळी सहाही जण गाडीत बसले. मागचा दरवाजा उघडून आजी पायरीवरून आत गेल्या. या गाडीत तिसरी रांग समोर तोंड करून नव्हती, दोन आडव्या सीटा समोरासमोर होत्या. स्कॉर्पिओत दोन्ही प्रकारची बैठक आलेली आहे, त्यामुळे नुसत्या "सात सीटर" या शब्दावरून काही कळत नाही. आजींची पाठ बाजूच्या काचेला, डोक्याला टेकायला काही नाही, गुडघे समोरच्या सीटच्या कडेला लागलेले. त्यांनी उजवा हात वर करून खिडकीजवळचा दांडा धरला. रिंग रोडवर पुढे रिक्षा आडवी आली, गाडी चाळिसावरून थांबली. ब्रेक काही फार जोरात नव्हता. आजींचं धड कमरेतून पुढच्या बाजूला, म्हणजे त्यांच्या डाव्या अंगाला झुकलं, मान त्याच दिशेला लवली आणि खांदा मधल्या रांगेच्या पाठीवर आपटला. त्या एवढंच म्हणाल्या, "पुण्यापर्यंत असं धरून बसायचं का रे?"

पट्टा शोधला. नव्हताच. आडव्या सीटांना या गाडीत पट्टाच दिलेला नाही. नियमही मागच्या समोर तोंड केलेल्या सीटांवर बसणाऱ्यांनी पट्टा लावावा असं म्हणतो, आडव्या सीटांबद्दल गप्प आहे. पण शरीराला नियम कळत नाही. समोर तोंड करून बसलेल्या माणसाचा झटका पट्टा छातीच्या आणि ओटीपोटाच्या हाडांवर घेतो. आडव्या बसलेल्याचा झटका कुशीतून मणक्यात आणि मानेत जातो, आणि त्या दिशेला शरीर फार कमी सोसतं. शिवाय मागून ट्रकने धक्का दिला तर मागचा दरवाजा आणि बसलेल्या माणसाचे गुडघे यांत वीतभरच अंतर उरतं.

सूनबाईंनी मग वहीचं पान घेऊन सीटांचा नकाशा काढला आणि प्रत्येक सीटपुढे पट्टा लिहिला. पुढे दोन, खांद्यावरून येणारे पूर्ण. मधल्या रांगेत खिडकीशी दोन पूर्ण. मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा, त्याचं बक्कल सीटकव्हरखाली गेलेलं, ओढून काढलं तर शेंगदाण्याची टरफलं बाहेर आली. मागे शून्य. कमरेचा पट्टा अर्धा धरला तर सात सीटांच्या गाडीत साडेचार पट्टे. त्यांनी त्याच पानावर वॅगन आरचा नकाशा काढला. पुढे दोन, मागे खिडकीशी दोन, मध्ये कमरेचा एक. साडेचार. पाच लाख घालून घरात एकही पट्टा वाढत नव्हता.

माणसं बसवून पाहिली. मुलगा सहा वर्षांचा, वीस किलोचा. त्याला बूस्टर सीट हवी आणि बूस्टरला खांद्यावरून येणारा पट्टा लागतो, म्हणजे खिडकीची एक जागा त्याची. मुलगी १३८ सेंटिमीटर उंच. साधारण १४५ सेंटिमीटरपर्यंत मोठ्यांचा पट्टा मुलांना नीट बसत नाही, गळ्यावर आणि पोटावर येतो. तिला मधल्या कमरेच्या पट्ट्यावर बसवलं तर अपघातात शरीर पट्ट्यावरून दुमडतं आणि पट्टा मऊ पोटात रुततो. तिला खिडकी द्यावी तर आई मध्ये. आजोबा पुढे. आजी मागे, बिनपट्ट्याच्या. आजींना मधे घ्यावं तर आई मागे. कसंही फिरवलं तरी एक माणूस बिनपट्ट्याचा आणि एक अर्ध्या पट्ट्यावर. मुलांना मागे टाकण्याचा प्रश्नच नव्हता. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटने बांधलेलं नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे १,००० रुपये दंड आहे. सुट्टीत सात मुलं मागे कोंबलेली गाडी आपण सगळे पाहतो आणि कोणाला काही वाटत नाही. वाटायला हवं.

नकाशा काढताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. स्टिअरिंगच्या मध्यभागी एअरबॅगचं अक्षर नव्हतं. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागून विझला, एअरबॅगचा दिवा लागलाच नाही. मालक "टॉप मॉडेल" म्हणत होते आणि त्यात खोटं नव्हतं. त्या काळात व्हीएलएक्स एअरबॅगसह आणि एअरबॅगशिवाय, दोन्ही मिळायची. ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली जुलै २०१९ मध्ये, शेजारच्या सीटची त्यानंतर. २०१३ च्या गाडीत ती आहे की नाही हे प्रत्येक गाडी उघडूनच पाहावं लागतं. मे २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने बिनएअरबॅगच्या स्कॉर्पिओची टक्कर चाचणी घेतली तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. ती या गाडीनंतरची पिढी होती. उंच, जड गाडीत आपण सुरक्षित, हा समज इतका घट्ट आहे की हा आकडा सांगूनही लोकांना पटत नाही.

भाव उतरला

गुरुवारी मालकांचा फोन आला. ३,६०,००० ला देतो म्हणाले. आता बेरीज ४,८८,०००, बजेटच्या आत. नवऱ्याचं मन पुन्हा वळलं, आणि ते समजण्यासारखं आहे. इंजिन चांगलं, कागद सुटणारे, मालक सरळ, भाव योग्य. एखाद्या चौकोनी कुटुंबाने, एअरबॅग नाही हे समजून उमजून, मागच्या सीटा काढून सामानाला जागा करून ही गाडी घेतली असती तर उस्तादांचं मत आम्हीही उचलून धरलं असतं.

एक पर्यायही समोर आला. भंगारातून समोर तोंड केलेली मागची सीट आणून बसवायची आणि तिला पट्टे लावायचे. हे करू नये. पट्ट्याचं अँकर चासीच्या किंवा बॉडीच्या मजबूत केलेल्या जागी, कंपनीने ठरवलेल्या नटावर बसतं. फरशीच्या पत्र्याला भोक पाडून वॉशरसकट आवळलेला बोल्ट टकरीत पत्र्यासकट उपटून येतो. बसणाऱ्याला पट्टा लावल्याचं समाधान मिळतं आणि संरक्षण मिळत नाही. वर कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि क्लेमच्या वेळी विमा कंपनीला हेच कारण पुरतं.

मग सूनबाईंनी कॅलेंडर समोर ठेवून मोजलं. सहा जण एकत्र लांब जातात असे वर्षातले दिवस नऊ. पुण्याच्या दोन फेऱ्या जाऊन-येऊन २,४०० किलोमीटर. किलोमीटरला १७ रुपये धरून भाड्याच्या, समोर तोंड करून बसायच्या सात सीटांच्या गाडीला ४०,८००, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता धरून पन्नास हजार. पुण्याला जाताना गाडी भाड्याने सांगायची आणि शोध सावकाश चालू ठेवायचा, असं ठरलं. ही गाडी नको.

बयाणा पूर्ण परत आला, कारण पावतीवर कुटुंबाने आधीच असं लिहून घेतलं होतं: "गाडी क्रमांक, चासी क्रमांक वरीलप्रमाणे. बयाणा रु. ११,००० मिळाला. बँकेचं ना हरकत पत्र पंधरा दिवसांत न आल्यास किंवा घेणाऱ्याला तपासणीनंतर गाडी पसंत न पडल्यास रक्कम पूर्ण परत. घेणाऱ्याने पंधरा दिवसांत कळवावे." खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. एवढ्या चार ओळी लिहायला कोणी संकोचू नये. मालकांनी सही करताना काही कुरकुर केली नव्हती, आणि पैसे देतानाही केली नाही.

शोधाची यादी नव्याने लिहिली. तिन्ही रांगा समोर तोंड केलेल्या. किमान सहा जागांना खांद्यावरून येणारा पट्टा. दोन एअरबॅग आणि एबीएस. नोंदणी २०१५ किंवा नंतरची, म्हणजे मुदत २०३० पर्यंत तरी. इंजिन, क्लच, टायर याबद्दल यादीत ओळ नाही, ते पैसे देऊन नवं करता येतं आणि भावातून वजा करता येतं. फोनवरच मालकाला आतला फोटो मागायचा, मागचा दरवाजा उघडा ठेवून काढलेला. या एका फोटोने पुढच्या पंधरवड्यात चार गाड्या घरबसल्या बाद झाल्या.

डिसेंबरमध्ये पाचवी गाडी पाहायला गेले तेव्हा उस्ताद बाहेरच थांबले. आधी मुलगी आत शिरली. एकेका सीटवर बसून तिने पट्टा शेवटपर्यंत ओढला, झटका देऊन तो अडकतो का पाहिलं, बक्कल लावलं, सोडलं, पट्टा आपोआप आत जातो का बघितलं. पाच पट्टे बरोबर. तिसऱ्या रांगेतला डावा पट्टा अर्ध्यावर गेला आणि थांबला. नवा पट्टा त्याच मॉडेलचा, पूर्ण रीलसकट मिळतो का आणि किती दिवसांत, हे उस्तादांनी तिथूनच पार्टच्या दुकानात फोन करून विचारलं. चार दिवस, असं उत्तर आल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं.